विटांवरच्या पलंगावरून केलेला प्रयोग

सासूबाईंनी माझ्या पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन्ही खुरांखाली दोन-दोन विटा सरकवल्या, तेव्हा मला खरं कळलं की आता मी कुठेही जाणार नाही. डोकं खाली, पाय वर. पाचवा महिना चालू होता. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालून घरी सोडलं होतं आणि बाळंतपणापर्यंत झोपून राहायला सांगितलं होतं. बसायचं नाही, उभं राहायचं नाही, संडासलाही पलंगावरच. मी विचारलं, "माहेरी, कळंबला गेले तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "रस्त्यावरचा एक गचका पुरेल. आहात तिथेच राहा."

म्हणजे घाटंजी. म्हणजे सासर.

वाद घालायची सोय नव्हती, कारण भीती माझीही होती. आदल्या वर्षी पाचव्याच महिन्यात माझं मूल गेलं होतं. दुसऱ्या कुणी जबरदस्ती केली असती तर निदान रागावता तरी आलं असतं. इथे माझंच शरीर मला धरून ठेवत होतं आणि त्याला सोडा म्हणायची माझी हिंमत नव्हती.

नवरा राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला. तिथेच खोली करून राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी यायचा. सासरे लग्नाआधीच वारले होते. घरात आम्ही दोघीच. सासूबाई बाजारात मिरची, हळद आणि मसाल्याचं दुकान लावायच्या. घाटंजीचा आठवडी बाजार तर होताच, शिवाय आसपासच्या गावांचे बाजारही त्या करायच्या. मी झोपले त्या आठवड्यापासून त्यांनी पोती मागच्या खोलीत रचली आणि माझ्या उशाशी खुर्ची टाकली.

ती खोली मला आजही डोळे मिटून रेखाटता येईल. एक खिडकी, तिच्यासमोर हाताच्या अंतरावर शेजाऱ्यांची बिनगिलाव्याची भिंत. स्लॅबला पाण्याचा जुना डाग. चैत्र लागला होता आणि कूलरची घरघर सकाळपासून चालू व्हायची. मागच्या खोलीतल्या मिरचीची धग हवेत असायची, मला ठसका यायचा आणि खोकताना मी पोट दोन्ही हातांनी धरून ठेवायचे. दुपारी वीज गेली की कूलर बंद पडायचा आणि ती शांतता छातीवर येऊन बसायची. डाव्या कुशीवर झोपायचं, मान अवघडली की थोडं उताणं, पुन्हा डाव्या कुशीवर. सासूबाई माझे केस पलंगाखाली बादली ठेवून धुवायच्या. बेडपॅन त्याच उचलायच्या. त्या वेळी मी भिंतीकडे तोंड करायचे आणि त्या काहीतरी भलतंच बोलायच्या, भाजीचे भाव वगैरे, म्हणजे मला लाज वाटू नये.

मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. यवतमाळच्या कॉलेजात एसटीने जाऊन-येऊन शिकत होते. प्रकल्पाचा विषय मी स्वतः मागून घेतला होता: क्वांटम संगणकावर दोन गोष्टी तपासून बघायच्या. एक म्हणजे एंटँगलमेंट, दोन कण एकमेकांत असे गुंततात की एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी बांधलेलं असतं. दुसरी म्हणजे एकच कण कधी लाटेसारखा वागतो, कधी कणासारखा, ते. यंत्र कुठल्यातरी परदेशात, भयंकर थंड पिंपात. आपण इंटरनेटवरून काम पाठवायचं, ते रांगेत लागतं, नंबर आला की चालतं आणि उत्तर परत येतं. फुकट खात्यावर महिन्याला काही मिनिटंच यंत्र वापरायला मिळायचं.

मार्गदर्शक मॅडमना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तू नशीबवान आहेस. झोपून करता येईल असा प्रकल्प वर्गात तुझ्या एकटीचाच आहे."

मी हसले. पण ते ऐकायला सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"मोबाईलचे किरनं सिध्धे पोटात जातात," त्या म्हणाल्या. "मांगच्या खेपेले बी तू तेच घेऊन बसत होती."

मांगच्या खेपेले. ते शब्द मला फार लागले. मग म्हटलं, "आई, तसं काही नसतं. कुठेच सिद्ध झालेलं नाही."

"नसन. पन असलं तं?"

फोन त्यांनी ठेवून घेतला. संध्याकाळी नवऱ्याशी बोलण्यापुरता फोन मिळायचा, तोही स्पीकरवर, लांब स्टुलावर ठेवून. मग कपाटात. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला.

नवरा सुट्टीला आला तेव्हा मी त्याच्याकडे तक्रार केली. तो पलंगाच्या कडेवर बसला, मग एकदम आठवल्यासारखा उठून खुर्चीवर बसला. पलंग हलू नये म्हणून.

"थोडे दिवस आईचं ऐक ना," तो म्हणाला.

"थोडे दिवस? तुम्ही झोपून बघा थोडे दिवस."

पाळी जमिनीखाली करणारा माणूस तो, पण जाताना मला म्हणाला, "खरं सांगू, तुह्या खोलीत माह्याच्यानं बसवत नाही." आणि गेला. त्याला जाता येत होतं.

वैशाखातल्या एका दुपारी भडका उडाला. वीज गेली होती. सासूबाई एका पुठ्ठ्याने मला वारा घालत होत्या. प्रकल्प जमा करायची तारीख जवळ येत होती आणि माझ्याकडे एक आकडासुद्धा नव्हता. मी म्हटलं, "मला कैद करून ठेवलंय तुम्ही इथे. कैद्यालासुद्धा वाचायला देतात."

पुठ्ठा थांबला नाही. पण त्यांचा आवाज बदलला.

"अन् मी कोन आहो मंग? जेलर? बजारात माह्या जागेवर दुसरी बाई बसून राह्यली. काल शेजारीन सांगत आलती. इतके वर्षं झाले, उन्हातान्हात धरून ठेवली मी ते जागा. गेली. टाका तुले घातला, मले नाई घातला, तरी मी बी या घरातच आहो ना? तू झोपून आहे, मी बसून आहो. एवढाच फरक."

मी भिंतीकडे तोंड केलं. या खोलीत माझ्याशिवाय आणखी कुणी अडकलेलं आहे हे मला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. मला त्यांचं वाईट वाटलं आणि माझा रागही गेला नाही. दोन्ही एकदमच होतं. वीज येईपर्यंत त्या वारा घालतच राहिल्या, हात बदलून बदलून.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी कपाट उघडलं, फोन घेतला, चष्मा लावला आणि खुर्ची पलंगापासून दोन हात मागे ओढली.

"तुह्या हातात देनार नाई," त्या म्हणाल्या. "तू सांग, मी दाबतो."

मी म्हटलं, "आई, ते इंग्रजीत आहे."

"मंग? लोकाईचे पैसे मोबाईलवर मीच घेत होती ना बजारात? ते काय मराठीत होतं?"

असा माझा प्रयोग सुरू झाला. पडद्यावर आडव्या रेघा असतात. एक रेघ म्हणजे एक क्यूबिट, या यंत्रात कणाच्या जागी असणारा घटक. खालून छोटे चौकोन बोटाने ओढून त्या रेघांवर ठेवायचे की यंत्राला काय करायचं ते कळतं. मी सांगितलं, "वरच्या रेघेवर एच ठेवा. शिडीसारखं अक्षर आहे बघा, एकाच पायरीची शिडी."

"हाव, दिसली शिडी."

"आता गोलात अधिकचं चिन्ह आहे, ते. त्याने दोन्ही रेघा जोडायच्या."

"बेरीज."

त्या दिवसापासून आमच्याकडे शिडी आणि बेरीज असेच शब्द चालले. शिडीने पहिला क्यूबिट शून्य आणि एक यांच्या मधल्या अवस्थेत जातो, बेरजेने दुसरा त्याच्याशी गुंततो. मग दोन्ही मोजायचे. हे हजारदा करायचं. काम पाठवलं आणि रांगेत लागलं. आम्ही दोघी पडद्यावरचा रांगेतला क्रमांक बघत राहिलो. तासाभराने उत्तर आलं. दोन उंच खांब: दोन्ही शून्य, किंवा दोन्ही एक. एकाचं शून्य, दुसऱ्याचं एक असे दोन खुजे खांब अगदी तळाशी, यंत्राच्या चुकांमुळे आलेले.

सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "म्हंजे दोघं बी एकच सांगून राह्यले?"

"हो."

"मंग याच्यात नवल कायचं? आधीच ठरवून आले असन."

"तेच तर तपासायचंय," मी म्हटलं. "दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारायचे. आधी ठरवून आले असतील, तर त्यांची उत्तरं किती जुळतील याला एक हद्द आहे. सगळा हिशेब मांडला की आकडा दोनच्या वर जाऊ शकत नाही. गेला, तर असं साधं ठरवून आलेलं नव्हतं."

"आजवर काय निंगलं?"

"मोठ्या प्रयोगशाळांमध्ये दोनच्या वर गेलाय. पुष्कळदा."

"मंग तू काहून पुन्हा करून राह्यली?"

मी म्हटलं, "मला स्वतः बघायचंय."

"हे समजलं मले," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसला.

वेगवेगळे प्रश्न म्हणजे मोजण्याआधी क्यूबिट वेगवेगळ्या कोनांतून वळवायचे. चार प्रकारच्या मोजण्या. मी कोन सांगत गेले, त्या आकडे भरत गेल्या. तीन दिवसांच्या दुपारी यात गेल्या, कारण मध्येच वीज जायची, मोबाईलचा टॉवर झोपायचा, कधी त्यांचा डोळा लागायचा. सगळी उत्तरं आल्यावर मी छताकडे बघत मनातल्या मनात बेरीज केली. दोनच्या खाली. खूपच खाली.

"तुम्ही कुठेतरी चुकीचं दाबलंत," मी म्हटलं.

त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांडी जरा जोरात आपटली. मी पडल्या पडल्या एकेक पायरी आठवत गेले. मला करायला दुसरं काही नव्हतंच. संध्याकाळ व्हायच्या आत सापडलं. एका कोनाचं चिन्ह मी उलटं सांगितलं होतं. वजा म्हणायचं ते अधिक म्हटलं होतं. त्या पोह्यांची ताटली घेऊन आल्या तेव्हा मी सांगितलं.

"म्हंजे माहा हात नाई चुकला."

"नाही. माझंच तोंड चुकलं."

"हाव ना," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांवर शेंगदाणे भरपूर होते.

पण त्या महिन्याची यंत्राची मिनिटं संपली होती. पुढचा महिना लागेपर्यंत थांबणं भाग होतं. ते दिवस मला सगळ्यात जड गेले. चूक कळली होती, दुरुस्ती दोन बोटांची होती आणि मला ती करता येत नव्हती. पोटात बाळ लाथा मारायला लागलं होतं. तेही आतून धडका देत होतं, मीही. मला घाम फुटायचा, एकदम वाटायचं की आत्ता उठून दारापर्यंत पळत जावं, काय व्हायचं ते होवो. मी पलंगाची लोखंडी कड मुठीत धरून पडून राहायचे. सासूबाईंना हे कळायचं की नाही, माहीत नाही. पण तेव्हाच त्या बाजारातले किस्से सांगायला लागायच्या: कोण बाई मिरची चाखून नाक पुसत पुसत भाव पाडायची, कोण गिऱ्हाईक दर आठवड्याला त्याच हळदीला नावं ठेवून तीच न्यायचं. त्यांना बाजाराची किती आठवण येत होती ते मला त्या किश्शांतून कळलं.

महिना पालटला. चिन्ह सुलटं केलं. या वेळी बेरीज त्यांनी केली, मसाल्याच्या पुडीच्या कागदावर, आणि मी मनात. दोघींचा आकडा जुळला. दोनच्या वर. सिद्धांत सांगतो तितका वर नाही, कारण यंत्र चुका करतं, पण दोनच्या नक्की वर. मी रडायला लागले. का, ते मला धड सांगता येणार नाही. इतके दिवस माझ्याबद्दलची प्रत्येक गोष्ट या चार भिंतींच्या आतली होती आणि आता एक गोष्ट अशी आली होती जिचा या भिंतींशी काही संबंध नव्हता.

सासूबाई घाबरल्या. "रडू नोको, पोट आवळते. झालं ना दोनच्या वर? आता दूध पे."

मग दुसरा भाग घेतला. यात एकच क्यूबिट आधी दोन वाटांमध्ये विभागायचा, एका वाटेत थोडा बदल करायचा आणि दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आणायच्या. तो बदल हळूहळू वाढवला की शून्य येण्याचं प्रमाण लाटेसारखं वर-खाली होतं. ते झालंही. पडद्यावरचे ठिपके छान चढले, उतरले. मग मधेच दुसरा क्यूबिट जोडायचा, जो पहिला कुठल्या वाटेने गेला याची खूण ठेवतो. खूण ठेवली की लाट संपते. बदल कितीही करा, अर्धे-अर्धे. तेही झालं. ही खूण ठेवणं म्हणजे गुंतणंच, म्हणून दोन्ही प्रयोग खरं तर एकमेकांशी जोडलेले. राहिला होता तो शेवटचा तुकडा: खूण अर्धवट ठेवली तर लाटही अर्धवट राहते का?

त्याची तयारी करत असतानाच पोट दगडासारखं कडक झालं. मला वाटलं बाळ वळलं असेल. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्यांदा कंबरेतून कळ आली तशी मी म्हटलं, "आई."

त्यांनी फोन स्टुलावर टाकला आणि खिडकीतून त्या भिंतीच्या दिशेने शेजारणीला हाक मारली. शेजारी मुसलमानांचं घर, शेजारणीच्या नवऱ्याचं गॅरेज. तो दुरुस्तीला आलेली एक व्हॅन घेऊनच दारात आला. चादरीची चार टोकं चौघांनी धरून मला उचललं. इतक्या दिवसांनी मी त्या खोलीच्या बाहेर पडत होते आणि मला फक्त आभाळाचा एक पांढराफटक तुकडा दिसला. सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं, शेजारीण पाय वर धरून बसली. यवतमाळपर्यंत गॅरेजवाला प्रत्येक खड्ड्याआधी "संभालो" म्हणत गाडी अगदी बैलगाडीसारखी नेत होता. सासूबाईंचे ओठ सारखे हलत होते. आवाज येत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी सलाइनमधून औषध सोडून कळा थांबवल्या. म्हणाल्या, "टाका टिकलाय. पण आता घरी नाही. इथेच." म्हणजे पुन्हा पलंग, पुन्हा पायथा उंच, फक्त आता हाताला सुई आणि दोन्ही बाजूंना अनोळखी बायका. वॉर्डात पंखा होता, कूलर नव्हता. माझी आई कळंबहून प्रसाद घेऊन आली, डोळे पुसत बसली, शेवटच्या एसटीने परत गेली. सासूबाई मात्र पलंगाखाली सतरंजी टाकून राहिल्या.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांनीच पिशवीतून फोन काढला. "ते अर्धं राह्यलं होतं ना तुहं?"

मी म्हटलं, "आई, आता काय करायचं ते?"

"आता तं कराच लागते. इथं दुसरं काय काम आहे?"

कोन मी सांगितले, शिडी, बेरीज त्यांनी ठेवल्या. शेजारच्या पलंगावरच्या बाईने विचारलं, "काय गेम खेळून राह्यल्या का?" सासूबाई म्हणाल्या, "सुनेची परीक्षा आहे." अर्धवट खूण ठेवल्यावर लाट खरंच अर्धवट राहिली. पुसट, पण होती. अहवाल मी फोनवर बोलून बोलून लिहिला. आता फोन माझ्या हातात होता.

तोंडी परीक्षा मॅडमनी खटपट करून व्हिडिओवर ठेवली. सासूबाईंनी माझे केस विंचरले आणि मागची सलाइनची बाटली दिसू नये म्हणून साडीचा पदर आडवा धरून त्या उभ्या राहिल्या. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी थेट विचारलं, "या आकड्यावरून तुम्ही ठामपणे म्हणाल का, की क्यूबिट आधी ठरवून आले नव्हते?"

"नाही सर," मी म्हटलं. "दोन्ही क्यूबिट एकाच चिपवर, अगदी शेजारी-शेजारी आहेत. मोजताना एकाची बातमी दुसऱ्याला पोचलीच नाही, असं मी या यंत्रावर म्हणू शकत नाही. त्यासाठी दोघांना एकमेकांपासून दूर न्यावं लागतं. हे प्रात्यक्षिक आहे, पुरावा नाही."

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाले, "चुकांचं विश्लेषण कच्चं आहे. बाकी ठीक." मॅडमचा हसरा चेहरा दिसला आणि फोन कट झाला. मी पास झाले. फार वरचे गुण नव्हते.

त्यानंतर आठवड्याच्या आतच पुन्हा कळा आल्या आणि या वेळी थांबल्या नाहीत. टाका काढला. मुलगी झाली. वेळेआधीची, तळहातावर मावेल असं वाटणारी. रडली, पण बारीक. मला नीट दाखवलीसुद्धा नाही, लगेच काचेच्या पेटीत नेली. नवरा राजूरहून पोचला तोवर ती वरच्या मजल्यावर गेली होती. तो माझ्याजवळ उभा राहिला, हातावर कोळशाच्या रेघा तशाच होत्या. "पाहून आलो," तो म्हणाला. "श्वास घेऊन राह्यली." एवढंच बोलून तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स म्हणाली, "उठा आता. चालायचं."

मी म्हटलं, "चालू?"

"मग काय उचलून नेऊ?"

मी पाय खाली सोडले. फरशी थंड होती. उभी राहिले तर मांड्या लटपटल्या, पोटऱ्या माझ्या नव्हत्याच जणू. नर्सने एक हात धरला, सासूबाईंनी दुसरा. वॉर्डाच्या दारापर्यंत गेल्यावर मी म्हटलं, सोडा. त्यांनी सोडलं. भिंतीला हात लावत लावत मी व्हरांड्यात आले. खाली आवारात रिक्षा उभ्या होत्या, एक माणूस नळावर तोंड धूत होता, फाटक उघडं होतं. कुणी मला परत जा म्हणत नव्हतं. मी तिथे थोडी उभी राहिले. मग जिन्याशी गेले आणि कठडा धरून वर चढायला लागले, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

वरच्या मजल्यावर काचेपाशी बायकांची रांग होती. पेट्या आत दूर होत्या, कुठली माझी ते कळत नव्हतं. आतल्या बाईने हातानेच खूण केली, अजून वेळ आहे, थांबा. मी भिंतीला टेकून उभी राहिले. थोड्या वेळाने मागून सासूबाईंची चाहूल लागली. त्या धापा टाकत होत्या. "सांगून तरी जाय ना व," त्या म्हणाल्या आणि माझ्या मागे रांगेत उभ्या राहिल्या.